एकच विषाणू, दोन हिशेब : महामारी स्त्री-पुरुषांवर वेगवेगळी का उतरते?

रविवार, ९ मार्च २०२५ रोजी ब्रिटनने कोविडच्या साथीत दगावलेल्यांचे स्मरण केले. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेच्या समोरच्या भिंतीवर दोन लाखांहून अधिक लाल बदाम रंगवलेले आहेत. एका मृतामागे एक बदाम. त्यांत स्त्री कोणती, पुरुष कोणता, हे पाहून कळत नाही. स्मरणासाठी ते कळण्याची आवश्यकताही नाही. परंतु पुढची महामारी येईल तेव्हा कोणाला कसे वाचवायचे, हे ठरवण्यासाठी मात्र तो भेद कळावा लागतो. आणि साथीला पाच वर्षे उलटल्यावरही तो आपल्याला अर्धामुर्धाच कळलेला आहे.

पूर्व लंडनमधील इल्फर्डच्या रहिवाशांना हा विषय दूरचा नाही. इल्फर्ड ज्या रेडब्रिज बरोमध्ये मोडते, तिची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ३ लाख १० हजारांच्या घरात असून त्यांतील जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे आहेत. २०२० च्या डिसेंबरात आणि २०२१ च्या जानेवारीत हा परिसर देशातील सर्वाधिक संसर्गाच्या भागांपैकी एक होता. नववर्षाच्या आरंभी लंडनमध्ये दर तीस माणसांमागे एकाला संसर्ग असल्याचा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता. ८ जानेवारी २०२१ रोजी महापौर सादिक खान यांनी राजधानीत गंभीर आणीबाणीची स्थिती जाहीर केली. गुडमेजचे किंग जॉर्ज रुग्णालय आणि शेजारच्या रॉमफर्डचे क्वीन्स रुग्णालय यांच्यावर त्या आठवड्यांत आलेला ताण येथील कोणीही विसरलेले नाही.

त्या काळात एक वाक्य सर्वत्र ऐकू येई : ‘हा आजार पुरुषांना अधिक मारतो.’ ते खोटे नव्हते. मार्च ते डिसेंबर २०२० या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये २० ते ६४ वयोगटातील ७,९६१ जण कोविडने दगावले. त्यांत पुरुष ५,१२८ आणि स्त्रिया २,८३३ होत्या. लाखामागे पुरुषांचे मृत्युप्रमाण ३१.४, तर स्त्रियांचे १६.८. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही २०२० च्या अखेरीस नोंदलेल्या मृतांपैकी सुमारे ७० टक्के पुरुष असल्याचे सांगितले होते.

मात्र हे वाक्य एकदा उच्चारले की पुढचे प्रश्न थांबतात. पुरुष अधिक का दगावले? सगळेच पुरुष की काही विशिष्ट कामांतले? आणि ज्या स्त्रिया वाचल्या त्यांच्या वाट्याला काय आले? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात : पहिल्याचे शरीरात, दुसऱ्याचे रोजच्या कामात आणि तिसऱ्याचे आजार ओसरल्यानंतरच्या आयुष्यात. पहिल्या उत्तरावर बरेच संशोधन झाले. उरलेली दोन्ही उत्तरे सरकारी दप्तरांत विखुरलेली राहिली.

शरीराचा वाटा

प्रथम शरीर. जगभरातील तीस लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाचा निष्कर्ष असा होता की, संसर्ग होण्याच्या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरक नाही. फरक पडतो तो संसर्गानंतर. अतिदक्षता विभागात जाण्याचा पुरुषांचा संभव, संशोधक वापरतात त्या परिमाणात, जवळजवळ तिप्पट आढळला आणि मृत्यूचा सुमारे १.४ पट. इंग्लंडमधील १ कोटी ७० लाख प्रौढांच्या वैद्यकीय नोंदींवर आधारित ओपनसेफली या अभ्यासात वय, जुने आजार, वंश आणि आर्थिक स्तर यांचा हिशेब वजा केल्यावरही पुरुषांचा मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट राहिला. म्हणजे ‘पुरुषांना मधुमेह अधिक, धूम्रपान अधिक’ एवढ्या सांगण्याने हे अंतर मिटत नाही.

हे अंतर कोविडपुरतेही नव्हते. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली तेव्हा लागण झालेल्या पुरुषांपैकी सुमारे २२ टक्के दगावले, स्त्रियांपैकी १३ टक्के. पुढे अमेरिकेतील संशोधकांनी त्याच विषाणूचा प्रयोग उंदरांवर केला. नर अधिक मेले. आणि माद्यांचे अंडाशय काढले किंवा इस्ट्रोजेनचे कार्य रोखले, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूही वाढले. उंदीर धूम्रपान करीत नाहीत आणि नोकरीवरही जात नाहीत. तेव्हा या फरकाचा काही भाग निखळ जैविक आहे, हे मान्य करणे भाग आहे.

तो कोठून येतो? एक धागा गुणसूत्रांकडे जातो. स्त्रीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशींत एक. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित अनेक जनुके याच गुणसूत्रावर आहेत. त्यांपैकी टीएलआर-७ हे जनुक शरीरात शिरलेल्या विषाणूची चाहूल घेते. नेदरलँड्समधील दोन कुटुंबांत मिळून चार तरुण, एरवी धडधाकट पुरुष गंभीर कोविडने आजारी पडले. तपासणीत त्या सर्वांत हे जनुक निकामी असल्याचे आढळले. स्त्रीकडे अशा जनुकाची दुसरी प्रत असते, पुरुषाकडे नसते.

दुसरा धागा इंटरफेरॉनचा. विषाणू शरीरात शिरताच पेशी धोक्याची सूचना म्हणून जे प्रथिन सोडतात ते हे. काही माणसांच्या शरीरात या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झालेली असतात, म्हणजे शरीर आपल्याच पहारेकऱ्याला बांधून ठेवते. २०२० मध्ये गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांची तपासणी झाली. त्यांतील १०१ जणांत अशी प्रतिपिंडे सापडली आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते.

उलट स्त्रियांची प्रतिकारयंत्रणा बहुधा अधिक जोमाने उठते. विषाणूशी लढताना हा जोम उपयोगी पडतो. परंतु तो थांबायचा तेथे थांबला नाही तर त्रास होतो. शरीराने स्वतःवरच उलटण्याच्या आजारांचे सुमारे चार-पंचमांश रुग्ण स्त्रिया असतात. आजार सरल्यावर महिनोन्महिने थकवा, धाप आणि बुद्धीवरचे मळभ रेंगाळणारा ‘लाँग कोविड’ ब्रिटनच्या सर्वेक्षणांत स्त्रियांनी अधिक प्रमाणात नोंदवला. त्याच्या मुळाशी हेच असावे असे अनेक संशोधकांना वाटते. मात्र ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. ‘पुरुषांना टेस्टोस्टेरॉनमुळे धोका’ असे सरळ समीकरण २०२० मध्ये मोहक वाटत होते. विषाणूला पेशीत शिरण्यास मदत करणारे एक प्रथिन पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाखाली असते, हा त्याला आधार. त्यावरून अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या पुरुष रुग्णांना ते संप्रेरक दाबणारे औषध देऊन पाहिले गेले. लाभ झाला नाही. शरीराचा वाटा खरा आहे, पण तो एका कळीने चालू-बंद होणारा नाही.

कामाचा वाटा

आता इल्फर्डच्या रस्त्यावर येऊ. २०२० च्या वसंतात देश घरात बसला, तरी सकाळच्या गाड्या आणि बसगाड्या पूर्णपणे रिकाम्या नव्हत्या. कार्यालयांचे दरवाजे राखणारे सुरक्षारक्षक, स्वयंपाकघरांतले आचारी, टॅक्सी आणि बस चालवणारे, केअर होममध्ये वृद्धांना उठवणारे-बसवणारे, रुग्णालयांच्या फरशा पुसणारे, असे सगळे त्या गाड्यांत होते. आपल्यापैकी बहुसंख्य मराठी मंडळी संगणक, वित्त, लेखापरीक्षण अशा क्षेत्रांत असल्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करू शकली. या सोयीची किंमत आकड्यांत दिसते.

सांख्यिकी कार्यालयाने २०२० मधील मृत्यूंची व्यवसायानुसार मांडणी केली. काम करण्याच्या वयातील सर्व पुरुषांचे मृत्युप्रमाण लाखामागे ३१.४ होते. मजुरी, सफाई, पहारा अशा प्राथमिक स्वरूपाच्या कामांतील पुरुषांत ते ६६.३ होते आणि केवळ सुरक्षारक्षकांत १००.७. म्हणजे ‘पुरुष’ या एका शब्दाखाली घरून काम करणारा संगणक अभियंता आणि दाराशी बारा तास उभा राहणारा रक्षक यांना बसवले, तर सरासरी निघते. पण ती दोघांपैकी कोणाचेच खरे वर्णन करीत नाही. यातील जे अंतर शरीरामुळे पडले म्हणून सांगितले जाते, त्याचा काही भाग पुरुष कोणत्या दारात उभे होते यातून आलेला आहे.

याच तक्त्यातील आणखी एक ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या सामाजिक सेवेतील पुरुषांचे मृत्युप्रमाण लाखामागे ७९, स्त्रियांचे ३५.९. प्रमाण पाहिले तर पुरुषांचा धोका दुपटीहून अधिक. पण प्रत्यक्ष मृत किती? पुरुष १५० आणि स्त्रिया ३१९. प्रमाण पुरुषांचे दुप्पट, तर मृतदेह स्त्रियांचे दुप्पट. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, कारण हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. शरीराने त्यांना जे थोडे संरक्षण दिले, ते कामाने काढून घेतले.

वार्धक्यातही असेच घडले. ८५ वर्षांवरील मृतांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती, कारण त्या वयापर्यंत जगणाऱ्यांत आणि केअर होममध्ये राहणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात. ‘कोणाला धोका अधिक’ आणि ‘कोण अधिक दगावले’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळले की मदत चुकीच्या दारी पोहोचते.

एनएचएसमध्येही हीच विसंगती होती. तेथील कर्मचाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. तरीही चेहऱ्याला घट्ट बसलाच पाहिजे असा संरक्षक मुखवटा पुरुषी चेहऱ्याच्या मापाने घडवलेला असल्याच्या तक्रारी परिचारिका आणि स्त्री डॉक्टर सातत्याने करीत राहिल्या. मुखवटा आणि गाल यांच्यामध्ये राहिलेली फट विषाणूसाठी पुरेशी असते. येथे शरीर आणि समाज यांची सीमारेषाच पुसली जाते : चेहऱ्याचे माप शरीराचे, पण मुखवट्याचे माप कोणीतरी ठरवलेले.

मुंबई, १९१८

शरीर आणि परिस्थिती यांतील कोणाचे पारडे जड, हे तपासण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एकाच विषाणूचे दोन समाजांतील वर्तन पाहणे. त्यासाठी आपल्याच इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागते.

स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, महाराष्ट्र सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन पाळतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ मुलगा यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. प्लेग जिवाणूचा, विषाणूचा नव्हे. पण आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते आणि त्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

त्यानंतर एकवीस वर्षांनी इन्फ्लुएन्झा आला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर तैनात असलेले पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. मुंबईतील साथीची सुरुवात तेथून सांगितली जाते. सप्टेंबरपासून दुसरी, घातक लाट आली. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्या वर्षी पाऊसही फसला होता. दख्खनमध्ये धान्य महाग आणि दुर्मीळ झाले होते. संपूर्ण हिंदुस्थानातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात.

अमेरिकेत याच साथीत प्रौढ पुरुष स्त्रियांहून अधिक दगावले. हिंदुस्थानात उलट घडले : स्त्रिया अधिक दगावल्या. १९२१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ९६४ वरून ९५५ वर उतरलेली दिसली. ही घसरण एकट्या साथीमुळे नव्हती, परंतु साथीचा तिच्यात वाटा होता. घरातील सर्वांची शुश्रूषा करायची, स्वतःला ताप असतानाही चूल पेटवायची, पाणी भरायचे, हे स्त्रियांच्या अधिक मृत्यूंचे कारण म्हणून जनगणनेच्या अहवालातच नोंदवलेले आहे. त्याला जोड होती सर्वांच्या शेवटी जेवण्याची, वारंवारच्या बाळंतपणांची आणि अंगात रक्त कमी असण्याची.

विषाणू तोच. स्त्रीच्या पेशींतील दोन एक्स गुणसूत्रेही तीच. तरीही निकाल उलटा. जैविक कवच खरे असले तरी ते पातळ आहे आणि घरातील दिनक्रम ते भेदू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

हे केवळ इतिहासजमा आहे असेही नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे असे मांडले की, २०२० मध्ये भारतातील आयुर्मान २.६ वर्षांनी घटले आणि स्त्रियांची घट (३.१ वर्षे) पुरुषांच्या घटीहून (२.१ वर्षे) मोठी होती. भारत सरकारने ही आकडेवारी आणि तिची पद्धत दोन्ही फेटाळली. हा वाद मिटलेला नाही. परंतु ‘७० टक्के मृत पुरुष’ हा आकडा नोंद झालेल्या मृत्यूंचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या घरात आजारी स्त्रीला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायला उशीर होतो, तेथे तिचा मृत्यू कोविडच्या रकान्यात पोहोचेलच असे नाही. पुरुषांचे अधिक मृत्यू हे काही अंशी अधिक तपासणीचेही प्रतिबिंब असू शकते.

जे मृतांच्या यादीत येत नाही

मृत्यू मोजणे सोपे. राहिलेल्यांचे नुकसान मोजणे अवघड. २०२० च्या वसंतात ब्रिटनमधील वित्तीय अभ्यास संस्थेने केलेल्या पाहणीत वडिलांच्या तुलनेत आयांची नोकरी जाण्याची किंवा सुटण्याची शक्यता दीडपट आढळली. घरून काम करणाऱ्या आयांच्या कामाच्या तासांपैकी ४७ टक्के तास मुलांकडे किंवा घराकडे पाहता पाहता गेलेले. वडिलांचे हे प्रमाण ३० टक्के. स्वयंपाकघराच्या टेबलावरची जी सोय वर सांगितली, ती दोघांना सारखी मिळाली नव्हती. टेबल एकच; पण मुलाचा ऑनलाइन वर्ग बंद पडला की खुर्चीवरून कोण उठे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

गर्भवती स्त्रियांची कथा याहून गंभीर. लसींच्या मूळ चाचण्यांतून त्यांना वगळले होते. काळजी म्हणून घेतलेला तो निर्णय पुढे अंगाशी आला : माहिती नाही म्हणून शिफारस नाही. ब्रिटनमध्ये लसीकरण डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले. गर्भवतींना सरसकट लस देण्याचा सल्ला १६ एप्रिल २०२१ रोजी आला. मधल्या महिन्यांत रुजलेली शंका मात्र गेली नाही. त्या वर्षी जुलैनंतर इंग्लंडमध्ये हृदय-फुप्फुसांचे काम यंत्राकडून करवून घ्यावे लागलेल्या कोविड रुग्णांपैकी जवळजवळ पाचातली एक लस न घेतलेली गर्भवती होती. तरुण पुरुषांत काही लसींनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ धोका अधिक दिसला, तोही लसीकरण सुरू झाल्यानंतरच. आरंभापासून स्त्री-पुरुषांचे निष्कर्ष वेगळे मांडण्याची शिस्त असती, तर या दोन्ही बाबतींत लोकांना लवकर आणि ठामपणे काही सांगता आले असते.

महाराष्ट्रात पुरुषांच्या मृत्यूचे ओझे स्त्रियांच्या खांद्यावर कसे आले, हे दुसऱ्या लाटेनंतर दिसले. नवरा गेला, रुग्णालयाचे कर्ज राहिले, शेतजमीन सासऱ्याच्या नावावर, बँकेत वारसाची नोंद नाही. अशा तरुण विधवांसाठी हेरंब कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५०,००० रुपयांचे साहाय्य ठरले. पण त्यासाठी कागद लागत आणि कागद बहुधा गेलेल्या माणसाच्या नावाने असत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कोविडने तरुण विधवांची संख्या वाढवली नसती, तर हा ठराव इतक्या लवकर आला असता का, याविषयी शंका वाटते.

आपल्याला वाटेल, हे गावाकडचे. पण परदेशस्थ कुटुंबाचीही अशी एक नाजूक जागा आहे : व्हिसा. कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबात एकाच्या नोकरीवर सर्वांचे वास्तव्य टिकून असते आणि तो एक पुष्कळदा पुरुष असतो. तो गेला तर पत्नीच्या दुःखाला मुदतीची तारीख लागते. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने कोविडने दगावलेल्या परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना कायमच्या वास्तव्याची मुभा दिली. आरंभी त्यातून सफाई कामगार, हमाल आणि केअर वर्कर वगळलेले होते. टीका झाल्यावर २० मे २०२० रोजी त्यांचा समावेश झाला. इतर व्यवसायांतील कुटुंबांना ही सवलत नव्हती. ज्या संगणक अभियंत्याचा धोका सुरक्षारक्षकाहून कितीतरी कमी होता, त्याच्या पत्नीची कायदेशीर स्थिती मात्र मुळीच सुरक्षित नव्हती.

निर्णयाच्या खोलीत कोण?

बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटनच्या कोविड चौकशीत १ नोव्हेंबर २०२३ रोजी तत्कालीन उपमंत्रिमंडळ सचिव हेलन मॅकनमारा यांची साक्ष झाली. निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत स्त्रियांचा दृष्टिकोन जवळजवळ नव्हता आणि त्याचे परिणाम धोरणांत उमटले, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांच्या शरीराला न बसणारे संरक्षक पोशाख, घरगुती हिंसा, मुलांचा सांभाळ यांकडे पुरेसे लक्ष गेले नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. महाराष्ट्रातही वेगळे नव्हते. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या सुमारे ७०,००० आशा सेविकांना जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, मानधनासाठी संप करावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. गौरव मिळाला याचा आनंदच. परंतु संपाची वेळ यायला नको होती.

यातून निघणारा धडा ‘स्त्रियांचे नुकसान अधिक की पुरुषांचे’ या स्पर्धेचा नाही. पुरुषांचे मृत्यू खरे आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे हाही अन्यायच ठरेल. पहारा देणाऱ्या, वाहन चालवणाऱ्या पुरुषांना लवकर मुखवटे, आजारपणात पूर्ण वेतन आणि लसीत अग्रक्रम मिळाला असता, तर त्यांच्यापैकी अनेक आज इल्फर्डच्या हाय रस्त्यावर दिसले असते. मुद्दा असा की, हिशेबाची वही एकाच रकान्याची असून चालणार नाही. प्रत्येक मृत्यूसोबत लिंग, वय, व्यवसाय आणि वंश यांची एकत्रित नोंद हवी. औषधांच्या व लसींच्या चाचण्यांत स्त्री-पुरुषांचे निष्कर्ष वेगळे मांडले गेले पाहिजेत. गर्भवतींना सुरक्षितपणे चाचण्यांत आणण्याची तरतूद साथ येण्यापूर्वीच तयार असली पाहिजे. आणि वाचलेल्यांचे दीर्घकालीन आजारपण, गेलेली नोकरी, बदललेली वास्तव्याची स्थिती यांनाही साथीच्या नुकसानीत जागा मिळाली पाहिजे.

सरकारांच्या हातात जे आहे ते सरकारांकडे मागावे लागेल. पण काही गोष्टी आपल्याच हातात आहेत आणि त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. येथील पेन्शन आणि भारतातील बँक खाती, दोन्हीकडे वारसाचे नाव नोंदवले आहे का? मृत्युपत्र केले आहे का? कागद कोठे ठेवलेत, हे घरातील दोघांनाही माहीत आहे का? व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याच्यानंतर दुसऱ्याचे काय, हे जाणकाराला विचारून ठेवले आहे का? आणि घरात पुन्हा कोणी आजारी पडले तर उशाशी बसण्याची पाळी आपण वाटून घेणार आहोत का, की १९१८ प्रमाणे ती आपसूक एकीच्याच वाट्याला जाणार?

पुढचा विषाणू कोणता असेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. तो शरीरात कोठे शिरेल हे त्याचा स्वभाव ठरवील. घरात तो आधी कोणाला गाठील आणि त्याने मागे ठेवलेली कामे कोण उरकील, हे मात्र आपण आज कसे वागतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.